थायमसची शस्त्रक्रिया आणि एका श्वासातले आकडे

मुद्रितशोधनाच्या कामात दिवसाचे सात-आठ तास ओळींवरून नजर फिरवावी लागते, त्यामुळे डोळे थकणे ही गोष्ट मी अनेक वर्षे कामाचाच भाग समजत आले होते. एका संध्याकाळी मात्र एकाच अक्षरावर दोन अनुस्वार दिसू लागले. ते शेजारी-शेजारी होते, आणि कोणताही एक डोळा झाकला की त्यांतला एक नाहीसा होत असे. थोड्या वेळाने ओळीच एकमेकींवर चढू लागल्या. सकाळी सगळे पुन्हा जागच्या जागी दिसे, म्हणून मी चष्म्याचा नंबर बदलला असेल असे ठरवून नवा चष्मा केला आणि आणखी दोन महिने घालवले. उजव्या डोळ्याची पापणी दुपारनंतर खाली उतरते हे तर मला कळलेच नव्हते. ते माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, लक्षात आले आणि तिनेच मला नेत्रतज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी केलेली तपासणी इतकी साधी होती की मला ती थट्टा वाटली. बर्फाचे खडे भरलेला रबरी हातमोजा त्यांनी माझ्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे धरून ठेवला आणि नंतर डोळा उघडायला सांगितले. पापणी बरीच वर उचलली गेली होती. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन ज्या विकरामुळे मोडते, त्या विकराचे काम थंडाव्याने मंदावते, म्हणून थकलेल्या स्नायूला काही क्षण जास्त निरोप मिळतो, असे त्यांनी समजावले आणि मला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले. पुढच्या दोन आठवड्यांत मज्जातंतूला वारंवार विजेचे हलके धक्के देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजण्याची तपासणी झाली. तिच्यात प्रत्येक धक्क्यागणिक आलेखाची उंची कमी होत गेली. रक्तात अ‍ॅसिटिलकोलिनच्या ग्राहकांविरुद्धची, म्हणजे स्नायूवर तो निरोप झेलणाऱ्या रेणूंविरुद्धची, प्रतिपिंडे सापडली. आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच स्नायूंवरचे ग्राहक शत्रू समजून नष्ट करते आणि मग वापरागणिक स्नायू दमत जातात. तोवर घास चावताना जबडा मध्येच थांबू लागला होता आणि दूरध्वनीवर बोलणे लांबले की आवाज नाकातून येऊ लागला होता. डोळ्यांपुरता मर्यादित असलेला आजार पसरू लागल्याची ही चिन्हे होती.

न्यूरॉलॉजिस्ट प्रत्येक भेटीत आणखी एक तपासणी करत, आणि पुढच्या सगळ्या काळात मी तिच्यावरच स्वतःला मोजत राहिले. दीर्घ श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत साधारण सेकंदाला दोन या वेगाने आकडे मोठ्याने म्हणायचे. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास पोहोचतो. पहिल्या दिवशी मी चोवीसवर थांबले. पंधराच्या खाली आकडा येऊ लागला, तर वाट न पाहता रुग्णालयात यायचे, अशी त्यांनी सक्त ताकीद दिली. मराठीत मोजणाऱ्याची यात थोडी अडचणच होते, कारण एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे आकडे नेमके दम संपत आलेला असताना लांबलचक होऊन समोर येतात. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले, पण दर वेळी त्याच भाषेत आणि त्याच वेगाने मोजले तर तुलना बिघडत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

छातीचा सीटी स्कॅन या आजारात प्रत्येकाचा केला जातो, कारण १०० पैकी १० ते १५ रुग्णांमध्ये थायमस ग्रंथीत गाठ असते. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधोमध असलेल्या हाडाच्या, मागे आणि हृदयाच्या वर ही ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वयात आल्यानंतर ती आक्रसत जाते आणि तिची जागा चरबी घेते. माझ्या स्कॅनमध्ये गाठ नव्हती, पण छत्तिसाव्या वर्षी असावी त्याहून ग्रंथी भरीव दिसत होती. गाठ असती तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नसता, ती करावीच लागली असती. गाठ नसताना निर्णय रुग्णाला समजून-उमजून घ्यावा लागतो, आणि मला तो घ्यायला जवळजवळ तीन महिने लागले.

त्या तीन महिन्यांत औषधे सुरू झाली होती. पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पापणी वर येई आणि चार-एक तासांनी पुन्हा उतरे. पोटात मुरडा आणि तोंडाला सुटणारे पाणी ही तिची किंमत होती. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अगदी कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत नेले, कारण एकदम मोठी मात्रा दिली तर हा आजार सुरुवातीला उलट बळावू शकतो. गोळ्या लागू पडत होत्या. मग छाती उघडून एक अवयव कशासाठी काढायचा, हा माझा प्रश्न होता, आणि न्यूरॉलॉजिस्टनी त्याचे उत्तर घाई न करता दिले. १९३६ साली अमेरिकेत अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी या आजाराच्या एका तरुणीच्या थायमसमधली गाठ काढली आणि तिची प्रकृती सुधारली. त्यानंतर गाठ नसलेल्या रुग्णांवरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली. तिचा उपयोग खरोखर होतो की रुग्ण एरवीही सुधारले असते, याचा नीट निवाडा मात्र २०१६ पर्यंत झालेला नव्हता. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रतिपिंडे असलेल्या पण गाठ नसलेल्या १२६ रुग्णांचे दोन गट करून एका गटाला शस्त्रक्रिया आणि प्रेडनिसोलोनसारखेच प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, तर दुसऱ्याला केवळ ते स्टेरॉइड देण्यात आले. तीन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांची ताकद अधिक सुधारली, त्यांना स्टेरॉइड कमी लागले आणि आजार बळावल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याची वेळही त्यांच्यावर कमी आली. ‘तुम्ही तरुण आहात, आजार नवा आहे, प्रतिपिंडे आहेत. ज्यांना फायदा होतो त्या वर्णनात तुम्ही बसता. मात्र शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पापणी उघडेल या आशेने होकार देऊ नका,’ असे ते म्हणाले. हे शेवटचे वाक्य मी तेव्हा ऐकले, पण मनावर घेतले नाही.

सर्जनना भेटायला जाताना मी प्रश्नांचा कागद नेला होता. पहिलाच प्रश्न असा होता, की २०१६ च्या त्या चाचणीत उरोस्थी उभी कापून थायमस काढली होती आणि मला तर तीन छिद्रांतून काढण्याविषयी सांगितले जात होते, मग तो पुरावा मला कसा लागू पडतो? त्यांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांचे उत्तर असे होते, की महत्त्व आत काय काढले जाते याला आहे. थायमसच्या पेशी केवळ ग्रंथीत नसतात, तर तिच्याभोवतीच्या चरबीतही विखुरलेल्या असतात. म्हणून एका बाजूच्या फ्रेनिक मज्जातंतूपासून दुसऱ्या बाजूच्या फ्रेनिक मज्जातंतूपर्यंत आणि गळ्याच्या पायथ्यापासून श्वासपटलापर्यंतची सगळी चरबी ग्रंथीसकट काढावी लागते. हे काम दुर्बिणीतून तितकेच पूर्ण करता येत असेल तरच लहान छिद्रांना अर्थ आहे, आणि आत रक्तस्राव झाला किंवा गाठ चिकटलेली निघाली तर छाती उघडावी लागू शकते, अशा संमतीवर माझी सही ते आधीच घेणार होते. छिद्रे लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितले. हाड न कापल्याचा फायदा नंतरच्या दिवसांत असतो. उरोस्थी तारांनी बांधल्यावर ती सांधायला सहा ते बारा आठवडे जातात, खोकताना ठणका लागतो, आणि ज्याच्या श्वासाच्या स्नायूंत आधीच ताकद कमी आहे त्याला नेमके तेच परवडत नाही. फ्रेनिक मज्जातंतूंविषयी मी मुद्दाम विचारले. ते दोन्ही श्वासपटल हलवतात, आणि मायस्थेनियाच्या रुग्णाचा त्यांतला एक दुखावला तर श्वास घेणे कठीण होते. दुर्बिणीत ते मोठे दिसतात, त्यांच्याजवळ उष्णतेची उपकरणे जपून वापरतात, आणि तरीही धोका शून्य नसतो, असे सरळ उत्तर मिळाले. मला त्या सरळपणाने धीर आला.

ग्रंथी काढल्यावर प्रतिकारशक्ती जाईल का, हा ताईचा प्रश्न होता. जाक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांची थायमस काढून दाखवले होते, की ती नसेल तर प्राण्याची संरक्षणव्यवस्था घडतच नाही. त्याआधी या ग्रंथीला काही काम आहे असेही बहुतेक मानत नसत. मोठ्या माणसांत टी-पेशींचा साठा आधीच तयार झालेला असतो, म्हणून काढल्याने काही बिघडत नाही, असे पुढे अनेक वर्षे धरून चालले होते. २०२३ मध्ये मात्र एका मोठ्या अभ्यासात छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांमध्ये पुढच्या पाच वर्षांतला मृत्युदर, थायमस न काढलेल्यांच्या तुलनेत, जास्त आढळला. सर्जननी हे स्वतःहून सांगितले. दुसऱ्या कारणासाठी छाती उघडलेली असताना वाटेत येते म्हणून निरोगी थायमस काढण्याबाबत आता सर्वांनी विचार करायला हवा, पण जिथे हीच ग्रंथी आजाराला खतपाणी घालत आहे आणि पर्याय म्हणून आयुष्यभर संरक्षणव्यवस्था दाबणारी औषधे आहेत, तिथे हिशेब वेगळा होतो, असे त्यांचे मत होते. मी होकार दिला तो या संभाषणानंतर. हा विषय त्यांनी टाळला असता तर कदाचित मी आणखी थांबले असते.

शस्त्रक्रिया ठरली तरी तारीख लगेच मिळाली नाही, आणि ते योग्यच होते. घोट गिळताना अडखळण्याचे प्रमाण त्या दिवसांत वाढले होते. बोलण्या-गिळण्याचे स्नायू दुबळे असताना शस्त्रक्रिया केली तर नंतर मायस्थेनिक क्रायसिस, म्हणजे श्वासाचे स्नायू थकून कृत्रिम श्वासाची गरज पडण्याची अवस्था, ओढवण्याची शक्यता वाढते. म्हणून आधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे, द्यायचे ठरले. वजनाच्या किलोमागे एकूण २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून, शिरेतून हळूहळू. दुसऱ्या दिवशी डोके इतके दुखले की खोलीतला दिवाही नकोसा झाला. थेंबांचा वेग कमी केल्यावर आणि भरपूर पाणी प्यायल्यावर ते ओसरले. दहा दिवसांनी फुप्फुसांची क्षमता मोजली तेव्हा ती २.१ लिटरवरून २.६ वर गेली होती आणि एका श्वासात मी चौतीसपर्यंत पोहोचले होते. एकोणतीस ओलांडला याचाच मला आनंद झाला.

याच काळात मी एक कागद तयार केला. मायस्थेनियात टाळायची किंवा फार जपून द्यायची औषधे बरीच आहेत: अमिनोग्लायकोसाइड, फ्लुरोक्विनोलोन आणि मॅक्रोलाइड या गटांतली प्रतिजैविके, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम, बीटा-ब्लॉकर. न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घेतलेली ही यादी मी मोठ्या अक्षरांत छापली. एक प्रत फायलीत लावली आणि एक अंथरुणाच्या डोक्याशी चिकटवण्यासाठी ठेवली. तिची गरज पडणार नाही असे मला वाटले होते.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी आल्या आणि जवळजवळ पाऊण तास बसल्या. स्नायू सैल करणारी औषधे भुलीत सर्रास वापरतात आणि त्यांतली बरीचशी क्युरारे या बाणाच्या विषासारखे काम करतात. मायस्थेनियाचे रुग्ण क्युरारे दिल्यासारखे दिसतात, या साम्यावरूनच १९३४ मध्ये मेरी वॉकर यांनी क्युरारेचा उतारा असलेले फायसोस्टिग्मिन वापरून पाहिले आणि या आजाराला पहिले खरे औषध मिळाले. आजच्या पायरिडोस्टिग्मिनचे कूळ तेच. उरलेसुरले ग्राहक आधीच थोडे असल्यामुळे त्या औषधांची नेहमीची मात्रा माझ्यासाठी फार मोठी ठरली असती. म्हणून रोक्युरोनियम अगदी थोडे देऊन मनगटाच्या मज्जातंतूला सूक्ष्म धक्के देत अंगठ्याची हालचाल मोजत राहायचे आणि शेवटी सुगामाडेक्स देऊन ते पूर्ण उतरवायचे, असा त्यांचा बेत होता. सकाळची पायरिडोस्टिग्मिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला त्यांनी सांगितले. याबाबत प्रत्येक भूलतज्ज्ञाचा शिरस्ता वेगळा असतो, हेही त्यांनीच सांगितले, म्हणून कोणी माझ्यावरून स्वतःचे ठरवू नये. मी बरेच महिने स्टेरॉइड घेत असल्याने शस्त्रक्रियेच्या दिवशी ते शिरेतूनही मिळणार होते, कारण त्या ताणाला पुरेसे स्टेरॉइड शरीर स्वतः तयार करू शकले नसते.

शस्त्रक्रियेविषयी मला आठवते ते फक्त छताचे दिवे आणि भूलतज्ज्ञांचा ‘आता मोजा’ हा आवाज. मी पाचपर्यंतही गेले नसेन. पुढचे सगळे मला शस्त्रक्रियेच्या टिपणीवरून कळले. ती मी मागून घेतली आणि कामाच्या सवयीने ओळ न् ओळ वाचली. उजवी बाजू उशीने थोडी उचलून, हात बाजूला घेऊन मला झोपवले होते. श्वासनळीत दोन पोकळ्यांची नळी घालून उजव्या फुप्फुसाला जाणारी हवा बंद केली होती, म्हणजे ते आक्रसून जागा मोकळी होते, आणि श्वास केवळ डाव्यावर चालू होता. काखेखाली आणि स्तनाच्या कडेने बरगड्यांच्या मधून तीन छिद्रे पाडली, एक १० मिलिमीटरचे आणि दोन ५ मिलिमीटरची. कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडून उरोस्थीमागची जागा फुलवली. उजव्या फ्रेनिक मज्जातंतूच्या कडेने सुरुवात करून ग्रंथी हृदयाच्या आवरणावरून सोडवत नेली, गळ्यात गेलेली तिची दोन टोके खाली ओढून घेतली, आणि डाव्या इनॉमिनेट शिरेत उतरणाऱ्या थायमसच्या बारीक शिरा क्लिप लावून कापल्या. सर्जननी नंतर सांगितले, की सगळ्या शस्त्रक्रियेत हात सर्वांत सावकाश चालतो तो इथे, कारण ही शीर जाड असली तरी तिची भिंत नाजूक असते आणि ती फाटली तर छाती उघडायला फार वेळ मिळत नाही. डाव्या बाजूचा पडदा उघडून डावा फ्रेनिक मज्जातंतू डोळ्यांनी पाहिल्यावरच त्या बाजूची चरबी काढली. सगळा भाग एका पिशवीत घालून, त्यासाठी किंचित वाढवलेल्या एका छिद्रातून बाहेर घेतला. वेळ २ तास २० मिनिटे. रक्तस्राव नगण्य. त्याच टिपणीवरून तयार केलेल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘डाव्या बाजूने’ असे छापले होते. मुद्रितशोधकाने स्वतःच्या छातीविषयीची चूक सोडणे शक्य नव्हते. पुढे कधी या बाजूने पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर तिथे चिकटलेले पडदे असतील हे त्या डॉक्टरला कळायला हवे, म्हणून मी ती दुरुस्त करून सही घेतली.

जाग आली तेव्हा घशातली नळी काढलेली होती. ती काढता येईल याची कोणी आधी हमी दिली नव्हती, त्यामुळे माझा पहिला विचार तोच होता. वेदना अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी होती. छिद्रांच्या जागी बरगड्यांमधल्या नसांना बधिर करणारे इंजेक्शन दिलेले असल्याने तिथे फक्त दडपण जाणवत होते, पण उजवा खांदा जबरदस्त दुखत होता. खांद्याला काही झालेले नव्हते. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच पातळीवर पोहोचते, म्हणून छातीतली नळी आणि उरलेला वायू खांद्यात दुखतो. गळ्याला हात लावला तर कातडीखाली कुरकुर आवाज येत होता. तोही वायूच, आणि दोन दिवसांत तो आपोआप जिरला.

अतिदक्षता विभागातली ती रात्र मला सर्वांत लांब गेली. दर दोन तासांनी आकडे मोजायचे होते. पहिल्या खेपेला मी सतरावर थांबले आणि घाबरले. तिथल्या डॉक्टरांनी वेदनेमुळे श्वास अर्धवट घेतला जातो आहे हे ओळखून वेदनाशामक वाढवले आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजायला लावले, तेव्हा बावीस झाले. मध्यरात्रीनंतर रक्ततपासणीत मॅग्नेशियम किंचित कमी आल्यामुळे ते शिरेतून देण्याची नोंद झाली. परिचारिका बाटली लावण्याआधी औषधाचे नाव मोठ्याने वाचतात, ही पद्धत किती मोलाची आहे हे मला तेव्हा कळले. माझ्यात बोलण्याचे त्राण नव्हते, म्हणून मी डोक्याशी चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवले. त्यांनी यादी वाचली, बाटली खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावले. नोंद रद्द झाली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. इतर रुग्णांना ते नेहमी देतात, त्याच ओघात माझ्याही कागदावर ते उतरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीतली नळी काढली. दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतात आणि एका झटक्यात ती ओढतात. क्षणभर आतून काहीतरी सरपटत गेल्यासारखे वाटते, आणि मग खांदा जणू दिवा मालवावा तसा शांत झाला. तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण दर तासाला ओढायचे, उशी छातीशी धरून खोकायचे आणि व्हरांड्यात चालायचे, एवढेच काम उरले. चौथ्या दिवशी मी घरी होते.

घरी आल्यावरच्या एका गोष्टीविषयी कोणी बोलत नाही. बरगड्यांमधली नस दुखावल्यामुळे उजव्या स्तनाखालचा पट्टा अनेक आठवडे एकाच वेळी बधिर आणि हुळहुळा होता. अंतर्वस्त्राची पट्टी नेमकी मधल्या छिद्रावर येई. सैल सुती कपडे आधीच तयार ठेवायला सांगितले असते तर माझे पहिले आठ दिवस सुखाचे गेले असते. जड उचलण्याची महिनाभर मनाई होती, पण हाड शाबूत असल्याने कुशीवर झोपणे, केस धुणे, दार ओढणे ही कामे मी दुसऱ्या आठवड्यापासून करू शकले. तिसऱ्या आठवड्यात मी कामाची पाने मागवली आणि त्याच संध्याकाळी अनुस्वार पुन्हा दुप्पट झाले.

पॅथॉलॉजीचा अहवाल दहाव्या दिवशी आला होता. गाठ नाही, कर्करोग नाही. थायमसची अतिवाढ, आणि तिच्यात जागोजागी जननकेंद्रे, म्हणजे जिथे प्रतिपिंडे घडवणाऱ्या बी-पेशी तयार होतात अशी ठिकाणे, जी खरे तर लसिकाग्रंथींत असावीत. थायमसमध्ये स्नायूंसारख्या काही पेशी असतात आणि त्यांच्यावर स्नायूंवरचेच ग्राहक असतात. संरक्षणव्यवस्थेची चूक तिथूनच सुरू होत असावी असे मानले जाते. कारखाना काढला, पण बाहेर गेलेला माल अजून फिरतोच आहे, असे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितले, तेव्हा कुठे त्यांचे ते जुने वाक्य मला ऐकू आले. तयार झालेल्या पेशी रक्तात आणि अस्थिमज्जेत वस्ती करून असतात. त्या मागे पडायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि काही जणांत त्या मागे पडतही नाहीत.

पुढचे सहा महिने मी याच वाक्यावर काढले, आणि ते सोपे नव्हते. तिसऱ्या महिन्यात साध्या सर्दीने आकडा एकवीसवर आणला. भेटणारे प्रत्येक जण आता बरे वाटत असेल ना, असे गृहीत धरून विचारत आणि मी होकारार्थी मान हलवत असे, कारण ‘ग्रंथी काढली पण आजार आहे’ हे समजावताना आवाजच नाकात जाई. प्रतिपिंडांची पातळी पुन्हा मोजावी म्हणून मी हट्ट धरला होता. डॉक्टरांनी नकार दिला, कारण त्या संख्येचा आणि प्रकृतीचा मेळ बसतोच असे नाही, आणि कागदावरचा आकडा पाहून मी उगाच खचले किंवा सुखावले असते. त्यांनी मला एक तक्ता ठेवायला सांगितला: संध्याकाळी सहा वाजता पापणी कुठे आहे, घास किती वेळा थांबून चावावा लागला, एका श्वासात आकडा किती. सातव्या महिन्यात मागची पाने उलटताना मला दिसले, की दुपारची गोळी घ्यायला मी आठवड्यातून तीनदा विसरले होते आणि तरीही काही बिघडले नव्हते. सुधारणा झाली ती अशी, मला न सांगता. नवव्या महिन्यापासून प्रेडनिसोलोन दर महिन्याला अडीच मिलिग्रॅमने कमी करायला सुरुवात झाली.

आज चौदा महिने झाले आहेत. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमवरून ७.५ वर आले आहे, पायरिडोस्टिग्मिनच्या दिवसाला पाच गोळ्यांच्या जागी दोन आहेत. छिद्रांचे व्रण फिके पडले आहेत आणि बधिर पट्टा तळहाताएवढा उरला आहे. सलग दोन तास बारीक टाइप वाचला तर उजवीकडचा अनुस्वार अजूनही सरकतो. तेव्हा मी चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी लावते आणि उरलेली पाने एका डोळ्याने संपवते. औषधांच्या यादीची घडी पाकिटात असते आणि दंतवैद्याकडे गेले तरी ती आधी बाहेर निघते. गेल्या तपासणीला मी त्रेचाळीसपर्यंत गेले. एकोणचाळीस म्हणताना आवाज नाकात गेला नाही, हे डॉक्टरांनी फायलीत लिहून घेतले आणि पुढची तारीख तीनऐवजी सहा महिन्यांनंतरची दिली.